पुन्हा पहिल्यापासून

९ जानेवारी

नव्या वहीचं पहिलं पान तरी नीट अक्षरात लिहा, असं इतकी वर्षं मुलांच्या कानीकपाळी ओरडत आले, आणि आज माझंच अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. असो. वाचणार कोण आहे!

आजपासून मदतकेंद्रातलं प्रात्यक्षिक सुरू झालं. एम.ए.चं हे शेवटचं सत्र. स्थलांतर आणि निर्वासितांचे प्रश्न. विषय सांगितला की लोक आधी चेहरा गंभीर करतात आणि मग हळूच विचारतात, "यात नोकरी कसली मिळते हो?" मला कुठे ठाऊक आहे! सेहेचाळिसाव्या वर्षी शाळेतली कायमची नोकरी सोडून मी बाकावर जाऊन बसले. वर्गातली पोरं मला मावशी म्हणतात आणि परीक्षा आली की मावशीच्याच नोट्स मागून नेतात. आई म्हणाली होती, "साऱ्या जगाला घरं मिळवून द्यायला निघालीस, जा बाई."

केंद्र म्हणजे एका जुनाट इमारतीचा तळमजला, तीन खोल्या. एका खोलीत फायली, एकीत वकीलबाई, एकीत आम्ही. जीव मुठीत धरून देश सोडून आलेली माणसं इथे आश्रयाचा अर्ज करतात. मग एका अधिकाऱ्यासमोर सुनावणी होते. त्याला गोष्ट खरी वाटली तर राहायचं, नाही वाटली तर परत. आमचं काम ऐकून घ्यायचं, टिपून ठेवायचं, कागद जुळवायचे. वकीलबाईंनी पहिल्याच दिवशी तंबी दिली, "उत्तरं शिकवायची नाहीत. एक वाक्यसुद्धा नाही. शिकवताना दिसलात तर त्याच दिवशी बाहेर, आणि विद्यापीठाला मी स्वतः कळवीन." मी शहाण्या मुलीसारखी मान हलवली.

घरी आले तर आई अंधारात बसलेली. म्हणाली, "दिवा लावू का गं?" अगं, लाव ना! विचारतेस काय! दिवसभर दमून आल्यावर हे असलं ऐकलं की डोकंच फिरतं.

१६ जानेवारी

माझ्या वाट्याला जी बाई आलीय तिला मी इथे शिंपीण म्हणेन. खरं नाव लिहायचं नाही, तोही नियमच आहे. वय पस्तिशीचं, बोटांची टोकं सुईने राठ झालेली. नवराही शिंपी. दोघांचं दुकान होतं. बंदूकवाले आले आणि दिवसाढवळ्या नवऱ्याला दुकानातून घेऊन गेले. ती चौकशीला चौकीवर जात राहिली, तर तिलाही धमक्या यायला लागल्या. मग मुलीला नणंदेकडे सोपवून ती निघाली. मुलगी आणि नणंद सीमेपलीकडच्या छावणीत आहेत. हिचा अर्ज मंजूर झाला तरच मुलीला इथे आणता येईल. नामंजूर झाला तर हिलाच परत धाडतील. एवढं सगळं एका सुनावणीवर.

हे मला कळायला सबंध दुपार गेली. कारण ती सांगते कसं? सुरुवात एका कोटाने. कुणा गिऱ्हाइकाचा कोट शिवायचा राहिला, कापड तसंच तिच्याबरोबर आलं, लोक काय म्हणतील. मग एकदम छावणी. मग लग्न. मग पुन्हा कोट. आणि नवऱ्याला नेलं तिथे आली तर चक्क हसली! म्हणे त्याच्या गळ्यात मापाची टेप तशीच होती. टेप घालूनच गेला. हे सांगताना खांदे हलेपर्यंत हसली.

मी दुभाष्याकडे पाहिलं. दुभाषी निवृत्तीला आलेला गृहस्थ, सतत बिस्किटं खातो आणि कुणी मेलं काय, जगलं काय, एकाच सुरात भाषांतर करतो. त्याच सुरात म्हणाला, "ती हसली, मॅडम." जसं काही मला दिसलंच नव्हतं.

माझा प्रबंध नेमका याच विषयावर आहे. अर्जदाराच्या बोलण्यावर विश्वास कसा बसतो. जेवढं वाचलं त्यात सगळीकडे एकच: विसंगती दिसली की अधिकाऱ्याचं मन उडतं. ही बाई त्या खोलीत जाऊन कोटाची गोष्ट सांगणार आणि हसणार.

२४ जानेवारी

मी काही शिकवलं नाही. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. उत्तर एकही माझं नाही. मी फक्त क्रम लावून दिला. दुकान, नवरा, चौकी, धमकी, नणंद, प्रवास. सहा मुद्दे. कोणत्याही मास्तराने तेच केलं असतं. खरं तेच सांगायचंय, मग ते नीट सांगितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?

"कोटाचं नको," म्हटलं. "टेपचंही नको. आणि हसायचं नाही हं."

दुभाष्याने सांगितल्यावर ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग मान डोलावली. ती मला आता "बाई" म्हणते. आपल्या भाषेतला तिने उचललेला पहिला शब्द. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? शाळा सोडल्यापासून बाई म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं.

६ फेब्रुवारी

वकीलबाई दिवसभर कोर्टात असतात त्या दिवशी आम्ही तालीम करतो. ती अडखळली की मी म्हणते, "पुन्हा पहिल्यापासून." किती वर्षांची सवय! कविता, पाढे, सगळं असंच तर घोटून घेतलं. एकदा पाठ झालं की मूल घाबरत नाही, जीभच वाट काढते.

आज शिंपीण एका दमात सगळं बोलली. चौकीजवळ आवाज थोडा खाली, मुलीजवळ थोडं थांबायचं, मग पुढे. एक गंमत म्हणजे दुभाष्यालाही पाठ झालंय. ती एक वाक्य म्हणते तोवर हा पुढच्या वाक्याचं भाषांतर करून मोकळा! मी हसून म्हटलं, "अहो, तिला बोलू तरी द्या." तो म्हणाला, "मॅडम, आता कोण बोललं काय, सारखंच."

संध्याकाळी दादाचा फोन. दर आठवड्याचा. आईला फोन दिला की मला तिच्यासमोर उभं राहावं लागतं, नाहीतर ती भलतंच सुरू करते. मागे एकदा त्याला म्हणाली, सकाळी उठल्यावर मला खिडकी कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही. झालं! दादाने मलाच फैलावर घेतलं, तू तिची काळजी घेत नाहीस म्हणून. तेव्हापासून मी खुणा करते. आज छान बोलली. "मी मजेत आहे रे. इथे काही कमी नाही. औषधं वेळेवर घेते." तिलाही आता सवय झालीय. तिचं घर भाड्याने देऊन तिला इथे आणलं ते बरंच झालं, नाहीतर त्या जिन्यावर पुन्हा पडली असती.

फोन ठेवून म्हणाली, "पाणी घेऊ का गं?"

१९ फेब्रुवारी

सुनावणी झाली. मला आत सोडत नाहीत, वकीलबाई गेल्या होत्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा दगडासारखा.

सुरुवात फार सुरेख झाली म्हणाल्या. मग अधिकाऱ्याने मध्येच विचारलं, नवऱ्याला नेलं तेव्हा त्याच्या अंगावर काय होतं? शिंपीण थांबली. म्हणाली, "पहिल्यापासून सांगू का?" आणि दुकानापासून सुरू केलं. त्याने पुन्हा अडवून दुसरं काही विचारलं. ही पुन्हा दुकानापासून. तेच शब्द, त्याच जागी थांबणं. वकीलबाई म्हणाल्या, "तिसऱ्यांदा त्याने पेन खाली ठेवलं आणि नुसता तिच्याकडे बघत बसला."

शिंपीण मात्र खुशीत होती. मला बघून दुभाष्यातर्फे म्हणाली, "बाई, एकही चूक झाली नाही."

१२ मार्च

नामंजूर. कारण दोनच ओळींचं. निवेदन पाठ केलेलं वाटतं, स्वानुभवाचं वाटत नाही.

दिवसभर काही सुचलं नाही. आईने पुन्हा काहीतरी विचारलं, घेऊ का, ठेवू का, तर तिच्यावर वस्सकन ओरडले.

१४ मार्च

वकीलबाईंनी आम्हा सगळ्यांना खोलीत बोलावलं. फेरतपासणीचा अर्ज करायचाय, तेवढा एकच मार्ग उरलाय. पण त्याआधी त्यांना एक गोष्ट हवी होती. "हिच्याकडून कोणी घोटून घेतलं होतं का? घेतलं असेल तर आत्ता सांगा. तसं लेखी दिलं तर माझ्या हातात काहीतरी येईल. नाहीतर ते म्हणणार, बाईनेच रचून पाठ केलं."

दुभाषी बिस्किटाचा कागद उलगडत राहिला. केवढा आवाज होतो त्या कागदाचा!

लिहून टाकते, मूग गिळून बसले. डोक्यात एकच चाललं होतं. प्रात्यक्षिक गेलं की पदवी गेली, नोकरी तर आधीच गेलीय. शाळेने माझ्या जागी दुसरी घेतली. शिल्लक आहे ती पदवी हातात पडेपर्यंत पुरेल, पुढे काय? आणि मी काय वाईटासाठी केलं होतं? भल्यासाठीच ना?

मग वकीलबाईंनी शिंपिणीला आत बोलावून तेच विचारलं. ती म्हणाली, "कोणी नाही."

मला हायसं वाटलं. हे लिहिताना स्वतःची किळस येतेय, पण वाटलं खरं.

३ एप्रिल

फेरतपासणी मंजूर झालीय, याच महिन्यात. पुन्हा तयारी म्हणजे पुन्हा ऐकणं. आज मी ठरवून गेले की काही बोलायचंच नाही. म्हटलं, तुम्हाला वाटेल तसं सांगा. कुठूनही.

ती सरळ बसली, हात मांडीवर ठेवले, आणि दुकानापासून सुरू झाली.

मी थांबवलं. म्हटलं, कोटाचं सांगा ना. टेपचं सांगा. ती घाबरली. "ते नको म्हणाला होतात ना, बाई?" मी म्हटलं, आता चालेल. तिने खूप प्रयत्न केला. कपाळाला आठ्या घालून आठवत बसली. आणि मग पुन्हा दुकान, नवरा, चौकी.

दुभाष्याने या पाठ केलेल्या भागाचं भाषांतर आज केलंच नाही. खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तुम्हाला माहीतच आहे, मॅडम."

तिची गोष्ट मी तिच्या तोंडून काढून घेतली आणि माझी तिथे भरली. आता ती निघता निघत नाही. इतकी दमलेय की रडूही येत नाही.

११ एप्रिल

प्रबंधाचं दुसरं प्रकरण पूर्ण. विश्वासार्हतेवर तीस पानं लिहिली. मार्गदर्शकांनी "उत्तम मांडणी" असा शेरा मारला. मांडणीत मी पहिल्यापासून हुशारच.

दादाचा फोन आला होता. आईने मी खुणा करायच्या आधीच सगळं म्हणून दाखवलं. मजेत आहे, काही कमी नाही, औषधं वेळेवर.

२५ एप्रिल

आज फेरतपासणीची सुनावणी झाली. सगळं लिहायलाच हवं.

या वेळी अर्जदाराबरोबर केंद्रातलं एक माणूस बसू देतात. वकीलबाईंनी मलाच घेतलं, म्हणाल्या, "ती तुमच्याकडे बघून शांत राहते." भाषांतराला अधिकाऱ्यांच्या कार्यालयाचा माणूस होता, म्हणून आमचा दुभाषी बाहेर बसला. अधिकारी बाई होत्या, सर्दीने बेजार, रुमाल नाकाला. आवाज तरी मऊ होता.

त्यांनी गोष्ट विचारलीच नाही. पहिलाच प्रश्न, "मागच्या वेळी तुम्ही तेच शब्द तीनदा बोललात. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

शिंपिणीने माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "कोणी नाही. माझं मीच."

अधिकारीबाईंनी मान हलवली आणि लिहायला लागल्या. शांतपणे, सवयीने. त्या काय लिहितात ते मला तिथूनच कळत होतं, तीस पानं लिहिलीत मी त्यावर. स्वतःच रचलं, स्वतःच पाठ केलं. संपलं. आणि शिंपीण हे बोलली ती माझ्यासाठी. पोरीला छावणीत ठेवून मला वाचवत होती.

मी उभी राहिले. कशी राहिले माहीत नाही. वकीलबाईंनी खाली बसा अशी खूण केली. अधिकारीबाई म्हणाल्या, "तुम्हाला बोलायची परवानगी नाही."

"मी शिकवलं," मी म्हटलं. "मी शाळेत बाई होते. मुलांकडून घोटून घेतात तसं हिच्याकडून घेतलं. आमच्या केंद्रात त्याला बंदी आहे, वकीलबाईंना यातलं काही ठाऊक नव्हतं."

"म्हणजे गोष्ट तुमची?"

"गोष्ट हिची. क्रम माझा. ही आपलं मनाने सांगत होती ते सगळं मी खोडलं. नवऱ्याला नेल्याचं सांगताना ही हसायची. हसायचं नाही, हेही मीच सांगितलं."

अधिकारीबाईंनी रुमाल बाजूला ठेवला. "हसायची? कशाला?"

"ते तिलाच विचारा," मी म्हटलं.

कार्यालयाचा दुभाषी हे सगळं हळू आवाजात शिंपिणीला सांगत होता. ती एकदम माझ्याकडे वळून काहीतरी बोलली, रागावून. तिला रागावलेली मी कधी पाहिलीच नव्हती. त्याने सांगितलं, "त्या म्हणतायत, कशाला बोललात."

मला बाहेर काढलं. काढणारच. वकीलबाई माझ्याकडे बघत नव्हत्या.

बोळात बाकावर आमचा दुभाषी. मी शेजारी बसले. बिस्किटांचा पुडा माझ्यापुढे धरला, मी घेतलं. दारापलीकडून तिचा आवाज येत होता. आधी तेच, एका सुरात. चाल ओळखीची, शब्द कळत नसले तरी. मी डोळे मिटून घेतले. मग अधिकारीबाईंचा आवाज. मग शिंपीण बोलायला लागली, अडखळत, थांबत, मागे जात, आणि मध्येच हसली. तशीच. आणि ते हसणं बघता बघता रडण्यात गेलं.

दुभाषी उठून दाराजवळ गेला आणि कान देऊन ऐकायला लागला. पहिल्यांदाच त्याचा सूर बदललेला ऐकला.

"टेपचं सांगतेय," म्हणाला.

२८ एप्रिल

वकीलबाईंनी केंद्रातून काढलं. शिरस्त्याप्रमाणे विद्यापीठाला पत्रही गेलं. चार शब्द सुनावतील म्हणून मन घट्ट करून गेले होते, तर एवढंच म्हणाल्या, "मार्चमध्ये विचारलं होतं तेव्हा सांगायला हवं होतंत."

प्रात्यक्षिकात नापास. पुढच्या वर्षी पुन्हा बसू द्यायचं की नाही ते विभाग ठरवणार. आईला सांगितलं. ती म्हणाली, "मग आता तू घरीच असशील दुपारची?" आणि बरं वाटल्यासारखी माझ्याकडे बघत राहिली. नापास झाल्याचा आनंद व्हायला आईच लागते! मी तणतणत भाजी चिरायला बसले. तीही समोर येऊन बसली.

३० मे

मंजूर! दुभाष्याने फोन करून सांगितलं. त्याच एका सुरात सांगितलं आणि मग म्हणाला, "मॅडम, मी आज सुट्टी घेतली." कशाला, ते सांगितलं नाही.

दुपारी केंद्राच्या रस्त्यावर गेले. आत जायला मला बंदी आहे, म्हणून समोरच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. शिंपीण बाहेर आली, मला पाहिलं, रस्ता ओलांडून आली. आणि मग आमचं घोडं अडलं. मध्ये दुभाषी नाही. तिला "बाई"पलीकडे काही येत नाही, मला तर तेवढंही नाही. दोघी वेड्यासारख्या एकमेकींकडे बघून माना हलवत उभ्या.

मग तिने हात पुढे केला, तळवा जमिनीकडे, कमरेच्या उंचीवर. मुलगी एवढी आहे. मी मान हलवली. तिने आपल्याच हाताकडे पाहिलं, विचार केला, आणि माप चुकलं की शिंपी करतात तशी चुक् करून हात वर घेतला. चार बोटं वर. पुन्हा थांबली. मग अजून थोडा वर नेला आणि तिथेच धरून ठेवला. इतकी वाढली असेल आतापर्यंत.

मी तिचा तो हात धरला. रस्त्यात रडायची मला लाज वाटते, तरी रडले.

घरी आले तर दादाचा फोन वाजत होता. आईला दिला. ती सवयीने माझ्याकडे बघत बसली, मी समोर येऊन उभी राहीन म्हणून. मी नाही राहिले. पाय दुखत होते, आणि तेच ते ऐकायचं त्राणही नव्हतं. गॅलरीत जाऊन दार ओढून घेतलं आणि खुर्चीत टेकले.

आतून तिचा आवाज येत राहिला. शब्द काही कळले नाहीत. नेहमी दोन मिनिटांत संपतं, आज चांगलं अर्धा तास बोलत होती. कधी थांबत होती, कधी पुन्हा मागचंच काहीतरी धरत होती. आणि मध्येच मोठ्याने हसली. काय झालं होतं हसायला, कोण जाणे. उठून बघावं असं वाटलं, पण उठले नाही. तिचं सगळं बोलून होईपर्यंत बाहेरच बसून राहिले.